मी घरमालकीण म्हणाले

बाई, आधी एवढं सांग, वकिलाकडे गेलीस तेव्हा साडी कोणती नेसली होतीस?

तुला वाटेल, गेलेल्या माणसाला हे काय विचारणं. पण तीस वर्षं साड्या विकल्यात मी. बाईच्या मनात काय आहे ते मला तिच्या तोंडावरून कळत नाही, साडीवरून कळतं. दुकानाची पायरी चढतानाच मी ओळखते, ही घेणार की नुसत्या घड्या मोडून जाणार. आणि तू रोज सकाळी माझ्यासमोर निऱ्या काढायचीस. त्यातल्याच एका सकाळी शाळेत अर्धा दिवस रजा टाकून तू कोर्टाच्या बाजूला गेलीस, घटस्फोटाच्या अर्जावर सही केलीस, संध्याकाळी येऊन मेथी निवडत बसलीस, आणि मला पत्ता लागला नाही. माझा राग तिथून सुरू होतो. तू गेलीस त्याचा राग त्याच्या मागून येतो.

मला कळलं ते तुझ्या नवऱ्याकडून. दवाखान्याच्या व्हरांड्यात. तू माझ्याकडे आल्यापासून सतरा वर्षांत ज्या माणसाचं मी तोंड पाहिलं नव्हतं, तो टोपी हातात घेऊन उभा होता आणि म्हणत होता, "माले कोर्टानी नोटीस उनी. आज तारीख व्हती. वकीलबाई बोलनी, ती तर दवाखान्यात शे." तो नाही म्हणायला आला नव्हता, बाई. हो म्हणायला आला होता. ज्या दिवशी तू सुटणार होतीस, त्याच दिवशी तो तुझा नवरा म्हणून दवाखान्यात उभा राहिला.

हे सगळं माझ्यामुळे झालं असं म्हणणारे म्हणतील. म्हणजे मीच म्हणते, दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

तू पहिल्यांदा खोली बघायला आलीस तेव्हा मी तुझी उलटतपासणी घेतली होती, आठवतं? नुकतंच घर बांधलेलं. फुलांच्या मळ्यातून पळून आलेली मी, बापानं ठरवलेलं लग्न मोडून. येवल्याहून एसटीनं साड्यांचं गाठोडं आणायचं आणि दारोदार विकायचं, यातून दोन खोल्या वर आणि दोन खाली उभ्या केल्या होत्या. त्यात कोण राहणार हे मी ठरवणार होते.

"नवरा?"

"आहे."

"कुठं?"

"सटाण्याकडे. त्यानं दुसरी केलीय."

"सोडचिठ्ठी?"

"नाही. आता नोकरी लागलीय, तर करून टाकीन म्हणते."

"अजिबात करू नकोस," मी म्हटलं. "टाकलेली म्हणून राहशील तर आळीतल्या बाया तुला दळणाच्या चक्कीवर उभं राहू देणार नाहीत. गळ्यातलं आहे ते राहू दे. नवरा मस्कतला आहे म्हणून सांगू."

तू हसलीस. शिकवणारी बाई तू, नागरिकशास्त्र. तुला खोटं बोलणं जमत नव्हतं, म्हणून खोटं मी बोलायचे आणि तू मान हलवायचीस. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी भद्रकालीच्या बाजारातून खजूर आणायचे, त्याची पुडकी सोडून डब्यात भरायचे आणि तू आळीत वाटायचीस. "मस्कतहून आला." शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "तिकडचा खजूर वेगळाच असतो हो, चव लगेच कळते." त्या रात्री आपण तोंडावर उशी दाबून हसलो होतो. एव्हाना तू वरच्या खोलीत फक्त कपडे ठेवत होतीस, झोपायला खाली माझ्याकडे.

मला वाटायचं, केवढा फायद्याचा सौदा केला मी. चार काळे मणी गळ्यात आणि त्याच्या आड सगळा संसार. दोन बायका एका घरात राहतात, एक मालकीण, एक भाडेकरू, तिचा नवरा परदेशात. कोण काय विचारणार? कोणी विचारलंही नाही. माझ्या हुशारीवर मी खूश होते. तू नव्हतीस, आणि तू ते लपवलंही नाहीस. आंघोळीला जाताना तू मंगळसूत्र काढून खिडकीत ठेवायचीस आणि परत घालायला विसरायचीस. मी ओरडायचे. तू म्हणायचीस, "शेठ, टोचतं." मला शेठ म्हणायचीस. कोणीही यायच्या आत मी ते तुझ्या गळ्यात घालायचे. मीच. दुसऱ्या माणसाच्या नावाचं मंगळसूत्र किती वेळा तुझ्या गळ्यात मी बांधलं, कल्पना कर.

तू तीनदा विचारलंस.

पहिल्यांदा साधं विचारलंस. राहायला येऊन चार-पाच वर्षं झाली होती. "करून टाकू का मी ते कोर्टाचं?" मी म्हटलं, मस्कतचा माणूस मारायचा कसा?

दुसऱ्यांदा तू पेपर घेऊन आलीस. तिकडे कॅनडात की कुठे दोघी बायकांना, दोघा पुरुषांना रीतसर लग्न करता येईल असा कायदा झाला होता. तू मला तो मजकूर वाचून दाखवलास. खरं तर मला वाचायला लावलास. सातवीत शाळा सुटलेल्या मला तूच बसवून वाचायला शिकवलंस, पावतीवरच्या ऱ्हस्वदीर्घापासून अग्रलेखापर्यंत. आज हे लिहिते आहे तेही तुझ्याच शिकवणीवर. तर मी ते वाचलं आणि म्हटलं, "ज्या मालाची गाडी अजून निघालेलीच नाही, त्याची पाटी मी दुकानावर लावत नाही." तू म्हणालीस, "गाडी निघालीच तर माल ठेवायला जागा तरी मोकळी करून ठेवू. माझं आधीचं लग्न मोडायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, "हरकत काही नाही. फायदा काय?"

शाळेतही तेव्हा तुमच्या शिक्षकखोलीत वाद झाला होता. तू घरी येऊन सांगितलंस. एक सर म्हणाले, उद्या म्हणतील आम्हाला सत्यनारायणाला जोडीनं बसू द्या. सगळे हसले.

"आणि तू?"

"हसले मी पण."

तू हे सांगितलंस आणि उठून कपडे वाळत घालायला गेलीस. उन्हात उभी राहून एकच टॉवेल कितीतरी वेळ झटकत होतीस. तेव्हा मी बाहेर तुझ्याजवळ यायला हवं होतं. मी येवल्याच्या विणकराशी फोनवर पदराच्या मोरावरून भांडत बसले.

तिसऱ्यांदा त्यानंतर काही वर्षांनी, जुलैत. दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आला. दोन सज्ञान माणसं आपापल्या घरात राजीखुशीनं काय करतात तो गुन्हा नाही. तू सकाळच्या चहाच्या वेळी पेपर माझ्यासमोर सपाट करून ठेवलास. मजकुराखाली तू पट्टीनं लाल रेघा मारल्या होत्यास, बाई. मला तेच सहन झालं नाही. मी म्हटलं, "आपल्याला कोण पकडायला येत होतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"गुन्हा नाही म्हणजे नातं आहे असं नाही होत," तू म्हणालीस. "ते अजून पुढे आहे. येईल की नाही माहीत नाही. सगळीकडे वाद घालतायत लोक, लग्न म्हणजे काय आणि कोणाचं. पण मी त्या वादात कुठे आहे? मी तर लग्न झालेली बाई आहे. आपल्या घरात बसून मी रोज त्याची बायको असते."

आणि मी, ताटली आपटून मी म्हटलं, "एवढी लग्नाची हौस असेल तर नवरा जिवंत आहे तुझा. जा त्याच्याकडे."

हे वाक्य मी परत घेतलं नाही. दुकानात मी शब्द फिरवते, दहादा फिरवते, त्यावर माझं पोट आहे. घरात नाही फिरवला. तू म्हणालीस, "मला लग्न करायचं नाहीये गं. मला लग्नातून सुटायचंय. एकदा तुझ्यासमोर मोकळी उभी राहू दे. मग तू मला काहीच म्हणाली नाहीस तरी चालेल." मी पायात चपला सरकवल्या आणि दुकान उघडायला गेले. त्यानंतर तू या विषयावर एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, पटलं तुला. सौदा मिटला असं वाटलं मला. तू वकील शोधत होतीस.

आता दवाखान्याचं.

तुझ्या मेंदूत रक्त साकळलं होतं. शाळेतून फोन आला, मी तुला भरती केलं, त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या कागदांवर मी सह्या केल्या. कोणी विचारलं नाही कोण म्हणून, तेव्हा घाई होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचं निघालं. डॉक्टर बाहेर आले, "पेशंटचे नातेवाईक कोण?" तोपर्यंत तो आलेला होता. तो म्हणाला, "मी नवरा." उगाच पुढे पुढे करून नाही. विचारलं म्हणून सांगितलं. सही केली. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "तुम्ही तिन्या कोन शेतस?"

मी तुझी कोण, हे जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला सरळ विचारत होतं. नर्स होती, डॉक्टर होते, तुमच्या शाळेचे दोघे होते. मी येवल्याच्या पेठेत बाप्यांना गप्प केलेलं आहे. माझं तोंड उघडलं आणि त्यातून सतरा वर्षांची सवय बाहेर आली.

"घरमालकीण."

"तुमना लई उपकार शेतस," तो म्हणाला.

आत जायला एकाच नातेवाइकाचा पास असतो. तो त्याला मिळाला. तो बिचारा दर तासाला बाहेर येऊन मला सांगायचा, "झोपेल शे," "डोळा उघडा नही." एकदा म्हणाला, "तुम्हीच जा आत, माले काही कळत नही." दारावरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण?" आणि मागून शाळेतल्या शिपायानंच माझ्या वतीनं उत्तर दिलं, "मालकीण आहेत घराच्या." दारावरचा म्हणाला, "नातेवाईक फक्त." मी मागे फिरले. तीन दिवस तू आणि मी यांच्यात एक काच होती, आणि ती मीच लावून घेतली होती.

तू गेलीस तर आळीत म्हणाले, भाग्याची, सवाष्ण गेली. नवरा मस्कतहून वेळेवर पोचला. शेजारच्या वहिनी त्याला म्हणाल्या, "केवढा लांबचा प्रवास तुमचा." तो भांबावून म्हणाला, "हो, दोन गाड्या बदलन्या पडन्या."

त्यानं हिरवी साडी आणली होती. सवाष्णीला हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट. त्यानं रीत पाळली, त्याला दोष नाही. पण मी ती साडी हातात घेतली, बाई, नायलॉन. घडीची रेघ मोडलेली नव्हती. माझ्या दुकानात हातमागावरच्या हिरव्या सहा साड्या होत्या. मी म्हटलं, "थांबा, मी दुसरी आणते." वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, साडी सासरची नाहीतर माहेरची लागते. घरमालकिणीची कशी चालेल?" त्यांनी तुला ती नेसवली. निऱ्या नीट नव्हत्या. मी हात लावला नाही. चुडा भरताना एक बांगडी फुटली तेव्हा मी बाहेर गेले.

पाचव्या दिवशी मी तुझ्या वकीलबाईंकडे गेले. तरुण पोरगी आहे. मी तिच्याशी भांडले.

"तो हो म्हणायला आला होता ना? मग करून टाका की. तारीख तिच्या जिवंतपणाची आहे."

"मावशी, अर्ज करणारी व्यक्ती गेली की अर्ज संपतो. मेलेल्या माणसाचा घटस्फोट होत नाही."

"त्याच्याकडून लिहून आणते. काय लागेल ते सांगा."

"काहीच लागत नाही. मरणानं लग्न तसंही संपतं. कायद्यानं त्या आता मोकळ्याच आहेत."

"मग तिला त्याच्या नावाचा चुडा का भरला?"

त्या पोरीनं फाइल बंद केली. मग म्हणाली, "त्या म्हणाल्या होत्या, निकाल लागला की घरी सांगेन." मी विचारलं, घरी कोणाला? ती म्हणाली, "ते मी विचारलं नाही."

तेराव्याला त्यानं दुकानात फोन करून बोलावलं. मी गेले. का गेले सांगू? खोटं दुरुस्त करायला. एसटीत मी सटाण्यापर्यंत एकच वाक्य घोकत होते. घरमालकीण नाही मी तिची, सतरा वर्षं तिच्याबरोबर संसार केलाय. एवढंच. माणसांसमोर म्हणायचं आणि परतीची गाडी धरायची.

अंगणात माणसं होती. रीतीप्रमाणे पाहुणे त्याला दुखवटा देत होते. ज्याचं माणूस गेलं त्याला नवे कपडे द्यायचे, आता दुःख आवर आणि कामाला लाग म्हणून. त्याच्या डोक्यावर टोप्यांवर टोप्या चढत होत्या. त्यानं मला बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्या मालकीणबाई. तिले बहीन मानेत." माणसांनी हात जोडले. मी उभी राहिले, आणि तेवढ्यात एक बाई माझ्या कोपराला धरून म्हणाली, "ताई, आत या, पाणी घ्या."

ती त्याची दुसरी. दिंडोरीकडची. माझ्यापेक्षा लहान, पण हात म्हातारे. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्ही घरमालकीण नाय ना?"

"कोण म्हणालं?"

"कोनी नाय. हे दवाखान्यातून आले आन् म्हनाले, मालकीण तीन दिस जेवली नाय. मी म्हनलं, भाडं बुडालं म्हनून कोन उपाशी राहातं?"

मी पाणी पीत राहिले. ती चुलीवरचं भांडं उतरवत बोलत होती. "वीस वरसं झाली मला या घरात. रेशनकार्डावर तिचं नाव हाय, माझं नाय. पोरीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव घालू देईनात, म्हने कायद्यानं तू कोन? ती नोटीस आली तवा मीच यांना म्हनलं, जा आन् हो म्हनून या. लय वाट बघितली मी त्या कागदाची."

बाई, मी मोजत बसले नाही, पण कळलं मला. तुझ्या गळ्यातले मणी मी जपत होते तितकी वर्षं ही बाई इथे बिनकागदाची होती. माझ्या सौद्यात ही कोणाच्याच हिशोबी नव्हती.

"आता लागेल तुमचं लग्न," मी म्हटलं.

"लागंल. पर कोन मेल्यावर लागलं, त्ये लागलं म्हनायचं का?" मग तिनं विचारलं, "आन् तुमचं?"

"आमच्यासाठी तसा कागदच नाही. कोर्टात वाद चालू आहेत. ती सांगायची."

"असता तर केला असता?"

बाई, कोणत्याही प्रश्नाला मी आधी नाही म्हणते. मग बघते समोरचा किती वर येतो. ही सवय तुला माहीत आहे, तू तिच्यावर चिडायचीस. मी त्या बाईकडे बघितलं आणि म्हटलं, "हो."

ती आतल्या खोलीत गेली आणि एक साडी घेऊन आली. फिकट, सुती, बाजारातली. माझ्या हातात ठेवली, वर हळद लावली नाही, कुंकू लावलं नाही. दुखवटा देतात तसा दिला. "तुमाला कोन देनार," म्हणाली. "बाहेर बोलू नका ताई. मला इथंच राहायचंय. आता कुठं माझं नाव लागायचंय, त्यात हे निघालं तर लोक म्हनतील, पहिली तसली होती, मग दुसरी कशावरनं धड."

मी म्हटलं, "नाही बोलणार."

बाहेर आले. तो टोप्या काढून ठेवत होता. म्हणाला, "येत जा मालकीणबाई." मी म्हटलं, "येईन."

म्हणजे तिथेही मी तीच राहिले. तुझ्या शाळेतले लोक तुझ्यावर लिहायला सांगतायत, मैत्रीण म्हणून चार शब्द. ते मी लिहिणार नाही. हे लिहिलंय, आणि यात तुझं नाव घातलेलं नाही, आपल्या गावाचं नाही, माझंही नाही. माझं लिहिलं की आळीत तुझं कळणार, तुझं कळलं की ते त्या बाईच्या दारात पोचणार. शाळेतला विषय, तारखा, आजूबाजूची गावं, जे बदलता येईल ते बदललंय. मी आयुष्यभर इतक्या जणांशी घासाघीस केली, पण या तिघींमध्ये कोणालाही न दुखावता सुटण्याचा भाव मला अजून काढता आलेला नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. मला न विचारता गेलीस, न सांगता गेलीस, आणि जायच्या आधी मला एकदाही बोलू दिलं नाहीस. तू तीनदा विचारलंस. चौथ्यांदा विचारलं असतंस तर कदाचित, पण मी तुला ओळखते, चौथ्यांदा तू विचारणार नव्हतीस. म्हणून तू वकिलाकडे गेलीस.

आणि मी हो म्हणाले ते एका परक्या बाईला, परक्या घरात, दार लोटून. ते तुला म्हणायचं होतं.